नेम साधण्याआधी नळीची दिशा

पेडणे तालुक्यातील गावांत छऱ्याची बंदूक ही काही नवलाची वस्तू नव्हे. हळर्णसारख्या गावात बागायतीतील माकडे हुसकावण्याच्या निमित्ताने ती घरात येते आणि शाळेला सुट्टी पडली की मुलांच्या हाती लागते. शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो. त्याहून लहान बंदुकीला तो लागत नाही, म्हणून ती खेळणे ठरत नाही. तिचा छरा डोळा कायमचा निकामी करू शकतो.

नेमबाजीच्या मैदानावर पहिला धडा नेमाचा नसतो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानावे, नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने असावी आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर जाऊ नये, हे आधी अंगी बाणवले जाते. कोणी लक्ष्याकडे निघाला की सर्वांच्या बंदुका रिकाम्या करून खाली ठेवल्या जातात. घरी सराव करतानाही यात सवलत नाही. आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे चिऱ्याच्या कुंपणावर डबा ठेवून नेम धरणे. कठीण दगडावर आपटलेला छरा उलटून येतो आणि कुंपणापलीकडची पायवाट तर दिसतही नाही. हळर्णच्या किल्ल्याचा तटही याच कारणाने वर्ज्य. शिवाय तिथे माणसांचा वावर असतो. लक्ष्यामागे मातीचा जाड बांध हवा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा. संरक्षित पशुपक्ष्यांवर छरा झाडणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, हेही मुलांना सांगायलाच हवे.

या शिस्तीने नेम कसा सुधारतो? दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तिथे चाप झटक्याने ओढला की नळी हलते आणि गुण जातो. चापावर बोट उगाच न नेण्याची सवय ज्याला लागली, त्याला तो हळुवार दाबणेही लवकर जमते. डोळे मिटून बंदूक रोखावी व मग उघडावेत; नळी लक्ष्यापासून बाजूला गेली असेल तर हाताने ओढून न आणता पाय सरकवावेत. श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावे. आठ-दहा सेकंदांत चाप सुटला नाही तर बंदूक खाली घ्यावी. नवशिक्याला हेच सर्वांत जड जाते. छरा सुटल्यावरही क्षणभर रोख ढळू देऊ नये. छरे एकाच जागी पण केंद्राबाहेर लागत असतील तर साइट फिरवावी. विखुरलेले असतील तर दोष आपल्या पवित्र्यात शोधावा.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक ४५१.४ गुणांनी जिंकले. अंतिम फेरीच्या आरंभी तो मागे होता. उभ्या स्थितीत, जिथे शरीर सर्वाधिक डोलते, तिथे तो वर चढला.

सराव संपल्यावर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती कुलपात ठेवावी, छरे वेगळ्या जागी. छरे शिशाचे असतात. जेवायला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.