छोट्या होडीचे सांधे इपॉक्सीने कसे जोडावेत?

विष्णुपुरी किंवा मांजरा जलाशयाच्या काठी शेतीला मत्स्यव्यवसायाची जोड द्यायची तर होडी लागतेच. खिळ्यांनी ठोकलेली फळ्यांची होडी पाणी आटल्यावर काठावर वाळते, फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपणास आठवत असेलच. अशा भागात प्लायवूडचे तक्ते तारेने शिवून इपॉक्सीने जोडण्याची पद्धत सोयीची आहे. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात ‘मिरर’ नावाच्या छोट्या होडीमुळे ती लोकप्रिय झाली. त्या वेळी पॉलिएस्टर रेझिन वापरीत. इपॉक्सी लाकडाला अधिक घट्ट धरते.

साहित्य : आयएस ७१० प्रतीचे ६ मि.मी. जाडीचे मरीन प्लायवूड, तांब्याची तार, इपॉक्सी व त्याचे हार्डनर, लाकडाचा बारीक भुसा आणि ७ ते ८ सें.मी. रुंद काचतंतूची पट्टी.

कृती : लांबी वाढविण्यासाठी दोन्ही तक्त्यांची टोके जाडीच्या आठपट, म्हणजे सुमारे ४८ मि.मी., तिरकी तासून एकमेकांवर चिकटवावीत. शिकंजा फार आवळू नये, नाहीतर सर्व गोंद बाहेर येतो. नंतर कडेपासून १ सें.मी. आत, दर १५ सें.मी.वर छिद्रे पाडून तक्ते तारेने शिवावेत. होडीला पीळ नाही ना, हे दोरी धरून पाहावे.

आतील कोपऱ्यास प्रथम नुसते इपॉक्सी ब्रशने लावावे. लाकूड ते पिते. हा थर वगळल्यास सांधा उपाशी राहतो. मग भुसा मिसळून श्रीखंडाइतके घट्ट केलेले मिश्रण टाक्यांच्या मधल्या जागेत भरावे. ते वाळल्यावर तारा काढून संपूर्ण कोपरा गोलसर भरावा व ओला असतानाच त्यावर पट्टी बसवून इपॉक्सीने भिजवावी. बाहेरची धार गोल घासून तिथेही पट्टी लावावी.

दक्षता : हार्डनर डब्यावरील प्रमाणातच घ्यावे. जास्त घातल्याने सांधा लवकर वाळत नाही, कच्चा राहतो. उन्हाळ्यात खोल भांड्यातील मिश्रण तापून घट्ट होते. म्हणून पसरट भांड्यात, थोडे थोडे, सकाळीच कालवावे. ओल्या लाकडावर काम करू नये. हातमोजे व घासताना तोंडाला मास्क वापरावा. ऊन इपॉक्सी खाते, म्हणून शेवटी रंग द्यावाच.

आधी दोन तुकड्यांचा नमुना सांधा करावा व पूर्ण वाळल्यावर तो मोडून पाहावा. लाकूड फाटले तर सांधा पक्का. गोंद सुटला तर चूक शोधावी. ती काठावर सापडलेली बरी. होडी पक्की असली तरी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात जाऊ नये.