पत्र्याच्या शेडमधील बाजार

मोटारहोम म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. पुढे चालकाची जागा, मागे शय्या, शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी आणि स्नानगृह. सहा ते नऊ मीटर लांबीची ही गाडी कॅनडात आठवड्याच्या भाड्याने मिळते. स्वतःचे स्वयंपाकघर सोबत असल्यामुळे परदेशात आहाराचे नियम पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबांना ती हॉटेलपेक्षा सोयीची वाटते. पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर हे अशा प्रवासाचे नेहमीचे प्रस्थानस्थान. तेथून पूर्वेस रॉकी पर्वतातील बॅन्फपर्यंत सुमारे साडेआठशे किलोमीटरचा रस्ता आहे. बहुतेक प्रवासी गाडी ताब्यात येताच पर्वतांची वाट धरतात. तथापि व्यापारी कुटुंबाने त्यापूर्वी एक दिवस व्हँकुव्हरमध्येच काढावा. तेथील ‘ग्रॅनव्हिल आयलंड’ हा पाणकाठचा बाजार पाहण्यासारखा आहे, आणि दुकानदाराच्या नजरेने पाहिला तर अभ्यासण्यासारखाही आहे.

मोटारहोम घेऊन मात्र तेथे जाऊ नये. बेटावरील रस्ते अरुंद आहेत, वाहनतळ लहान गाड्यांच्या मापाचे आहेत आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय नाही. बर्नबी किंवा सरे या जवळच्या शहरांत मोटारहोमसाठी स्वतंत्र तळ आहेत. तेथे वीज व पाणी जोडून मिळते आणि सांडपाण्याचा निचरा करता येतो. गाडी तेथे उभी करून शहरात आगगाडीने यावे आणि पुढचा टप्पा पाण्यावरून गाठावा. फॉल्स क्रीक या खाडीत दहा-बारा माणसे बसतील अशा चिमुकल्या बोटी दिवसभर ये-जा करतात. दहा मिनिटांचा तो जलप्रवास मुलांना विशेष आवडतो.

बोट धक्क्याला लागते तेव्हा प्रथम नजर वर जाते. १९५४ मध्ये खुला झालेला ग्रॅनव्हिल पूल थेट डोक्यावरून जातो. त्यावरच्या वाहनांची घरघर खाली अखंड ऐकू येते. समोर चकचकीत इमारत नाही. पन्हळी पत्र्याच्या जुन्या शेडची एक रांग आहे. त्यांच्या दारांतून ताजा पाव, भाजलेली कॉफी आणि पिकलेल्या फळांचा वास येतो. धक्क्यावर कोणी वादक व्हायोलिन वाजवीत असतो, पायऱ्यांवर बसून लोक खात असतात आणि सीगल पक्षी कोणाच्या हातातील घास पळविता येईल याची टेहळणी करीत असतात. रस्त्यांत जुने रेल्वेरूळ तसेच आहेत. पदपथ व रस्ता यांत उंचवटा नसल्यामुळे माणसे आणि मोटारी एकाच पातळीवरून, एकमेकांना सांभाळून चालतात. आणि या सर्व गर्दीतून मधूनच काँक्रीट कालवणारा एक अवजड ट्रक सावकाश वाट काढीत निघून जातो.

तो ट्रक वाट चुकून आलेला नसतो. या बाजाराचे मर्म उमजण्यासाठी त्याची हकीकत जाणून घ्यावी लागते.

गाळातून उभी राहिलेली जमीन

विसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे बेट नव्हते. भरतीत बुडणारे आणि ओहोटीत उघडे पडणारे वाळूचे उंचवटे होते. स्क्वामिश या मूळनिवासी समाजाचे लोक तेथे मासेमारी करीत. त्यांची वस्ती जवळच, आजच्या बरार्ड पुलाच्या परिसरात होती. १९१३ मध्ये प्रांतिक सरकारने ती वस्ती उठवली आणि तेथील कुटुंबांना बोटीवर चढवून दूर धाडले. त्यानंतर तीनच वर्षांच्या आत खाडीच्या तळाचा गाळ उपसून त्या उंचवट्यांवर भराव टाकण्यात आला आणि उद्योगांसाठी सुमारे १५ हेक्टर जमीन तयार झाली. एका बाजूने ती मुख्य भूमीला जोडलेली असल्यामुळे ‘बेट’ हे नाव आज केवळ नावापुरतेच आहे.

लाकूडतोड आणि खाणकाम हा त्या प्रांताचा मुख्य धंदा होता. त्यासाठी लागणारी यंत्रे, साखळदंड, तारदोर आणि पिंपे या पत्र्याच्या शेडमध्ये बनू लागली. १९२०च्या दशकात जागा भरून गेल्या. दुसऱ्या महायुद्धात कारखाने रात्रंदिवस चालले. युद्धानंतर मात्र मालवाहतूक रेल्वेकडून ट्रककडे वळली, उद्योगांना शहराबाहेर प्रशस्त जागा मिळू लागल्या आणि बेट ओस पडत गेले. गंजलेले पत्रे, काळे पाणी आणि रिकामी गोदामे एवढाच ऐवज शिल्लक राहिला.

एकाच खाडीचे दोन काठ

अशा जागेचे काय करावे, हा प्रश्न जगातील अनेक बंदरांना त्या काळात पडला. फॉल्स क्रीकच्या दोन काठांनी त्याची दोन वेगळी उत्तरे दिली, आणि ती आज समोरासमोर उभी असलेली दिसतात.

उत्तर काठावर १९८६ मध्ये जागतिक प्रदर्शन भरले. प्रदर्शन संपल्यावर १९८८ मध्ये प्रांतिक सरकारने ती विस्तीर्ण जमीन हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या कंपनीला एकगठ्ठा विकली. तेथे आज काचेच्या गगनचुंबी निवासी इमारती आहेत. काठाने बागा आणि फिरण्याचा सुरेख रस्ताही आहे.

दक्षिणेकडील ग्रॅनव्हिल आयलंडची जमीन केंद्र सरकारच्या मालकीची होती. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी सरकारने तिचे व्यवस्थापन आपल्या गृहनिर्माण महामंडळाकडे सोपविले. व्हँकुव्हरचे खासदार आणि तत्कालीन मंत्री रॉन बॅसफोर्ड यांनी या कामाचा पाठपुरावा केला. बेटावरील एक उद्यान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. महामंडळाने जमीन विकली नाही. जुन्या शेडही पाडल्या नाहीत. वास्तुविशारद नॉर्मन हॉटसन आणि जूस्ट बॅकर यांनी त्याच पत्र्यांना रंग दिला, भिंतींना मोठ्या खिडक्या-दारे पाडली, रूळ आणि याऱ्या जागेवर ठेवल्या. १९७९ च्या उन्हाळ्यात एका जुन्या यंत्रशाळेत ‘पब्लिक मार्केट’ सुरू झाले.

आणि तो काँक्रीटचा कारखाना? १९१७ पासून चालू असलेला तो व्यवसायही तेथेच राहिला. पर्यटनस्थळी धूळ नको, असे म्हणून त्याला कोणी हलविले नाही. २०१४ मध्ये ब्राझीलच्या दोन चित्रकार बंधूंनी त्याच्या सहा उंच टाक्यांवर रंगीबेरंगी महाकाय मानवाकृती रंगविल्या. आज प्रवासी त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. बोटी दुरुस्त करणारे, काच फुंकणारे, माती घडविणारे आणि कापड विणणारे कारागीरही बेटावर आहेत. त्यामुळे येथे माल केवळ विकला जात नाही, तो तयार होतानाही दिसतो. ज्या बाजारात वस्तू घडताना दिसते, तेथे ग्राहक अधिक रेंगाळतो आणि वस्तूच्या किमतीविषयी कमी घासाघीस करतो, हे कोणत्याही अनुभवी व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

भाडेकरूची निवड

आज बेटावर सुमारे पावणेतीनशे ते तीनशे व्यवसाय आहेत. मुख्य बाजारात पन्नासच्या आसपास कायम विक्रेते असून धोरण असे की, जागा स्वतंत्र आणि शक्यतो स्वतः दुकान चालविणाऱ्या व्यावसायिकाला द्यावी. देशभर शाखा असलेल्या साखळी दुकानांना देऊ नये. फळवाला, पाववाला, मसालेवाला, चहावाला असा तोल राखला जातो. याशिवाय काही टेबले अल्प मुदतीच्या विक्रेत्यांसाठी राखून ठेवलेली असतात. घरी मुरांबे, साबण किंवा दागिने बनविणारी व्यक्ती मोठे भांडवल न गुंतविता आपला माल तेथे आजमावू शकते. बाजार सुरू झाला त्याच वर्षी उघडलेले डोनटचे एक दुकान आजही चालू असून त्याच्यापुढे रांग असते.

येथे जमीनमालकाचा हिशोब ध्यानात घ्यावा. सर्वाधिक भाडे देऊ करणाऱ्याला गाळा दिला तर पहिल्या वर्षाचे उत्पन्न वाढते. परंतु तसे करणारे सर्व बाजार कालांतराने एकसारखे होतात. तीच नावे, तोच माल. मग ग्राहकाने खाडी ओलांडून यावे तरी कशासाठी? ग्रॅनव्हिल आयलंडने वेगळेपण जपले आणि त्या बळावर भाडे व वाहनतळाच्या उत्पन्नातून कित्येक वर्षे आपला चालू खर्च स्वतःच भागविला. वर्षाकाठी येथे एक कोटीच्या आसपास भेटी होतात असे सांगितले जाते. त्यांत शहरातील रहिवाशांचा वाटा मोठा आहे. पर्यटक एकदा येतो. आठवड्याची भाजी घेणारा शेजारी वर्षातून पन्नास वेळा येतो. बाजाराचा पाया त्या शेजाऱ्यावर असतो.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जमीन सरकारी असल्यामुळे दुकानदार तेथे कायम भाडेकरूच राहतो. दोन पिढ्यांनी घाम गाळला तरी गाळा मालकीचा होत नाही. आपल्याकडील पागडीसारखा हक्कही निर्माण होत नाही. कोणता माल विकावा यावर मालकाची मर्यादा असते. स्पर्धक साखळी दुकानापासून संरक्षण मिळते. त्याची किंमत म्हणून स्वातंत्र्याचा काही भाग सोडावा लागतो. २०१७ मध्ये बेटावरील कलाविद्यापीठ शहराच्या दुसऱ्या भागात गेले, तेव्हा रोजचे विद्यार्थी-ग्राहक एकाएकी नाहीसे झाले आणि मोठ्या इमारती रिकाम्या पडल्या. त्यांपैकी एकीत २०२१ मध्ये मुलांना कला शिकविणारी एक संस्था आली, तेव्हा ती जागा पुन्हा गजबजली. मधल्या काळात, २०२० च्या महामारीत, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या या बाजाराला तगून राहण्यासाठी केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा आधार घ्यावा लागला. गर्दीवर जगणाऱ्या व्यवसायाने गर्दी नसलेल्या दिवसांसाठी गंगाजळी ठेवावी, हा जुना धडा त्या निमित्ताने पुन्हा गिरविला गेला.

शिधा आणि शिदोरी

शाकाहारी कुटुंबाला येथे पोटभर खाता येते, पण चौकशी करून. बाजारात सामन माशांचे ठेले मोठे आहेत आणि त्यांचा वास टाळता येत नाही. तयारी ठेवूनच आत जावे. पाव आणि केकमध्ये अंडे, पायच्या आवरणात प्राणिज चरबी आणि चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट असू शकते. विक्रेते असे प्रश्न सौजन्याने ऐकतात आणि बहुधा नेमके उत्तर देतात. शंका राहिलीच तर फळांकडे वळावे. जुलैत ओकानागन खोऱ्यातील चेरी आणि फ्रेझर खोऱ्यातील ब्ल्यूबेरी मुबलक असतात. ब्ल्यूबेरीच्या त्या शेतांपैकी अनेक पंजाबी कुटुंबांच्या कष्टांवर उभी आहेत. पीठ, डाळी, तूप आणि मसाले यांची खरेदी मात्र सरेतील भारतीय दुकानांतून करावी आणि मग मोटारहोमची कपाटे भरावीत. पुढे पर्वतांत गावे विरळ होत जातात.

जूनअखेरीस व्हँकुव्हरमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्यांना ही मोठीच सवलत. बाजार साधारणपणे सायंकाळी सहाला बंद होतो; तळावर परतून, निवांत स्वयंपाक करूनही उजेड उरतो. गाडी चालविणाऱ्याने भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना बाळगावा आणि वाहतूक उजव्या बाजूने चालते याचे भान पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर ठेवावे.

परतीच्या बोटीतून

परतताना बोट पश्चिमेकडे वळली की बरार्ड पुलाजवळ नव्या उंच इमारतींचे बांधकाम दिसते. १९१३ मध्ये उठविल्या गेलेल्या स्क्वामिश समाजाची ही जमीन. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर या शतकाच्या प्रारंभी तिच्यापैकी सुमारे चार हेक्टर त्यांना परत मिळाली आणि २०२२ मध्ये त्यांनी तेथे सुमारे सहा हजार घरांचे काम हाती घेतले. आपली जमीन कशी वापरावी हे ठरविण्याचा अधिकार तब्बल नव्वद वर्षांनी मूळ मालकांच्या वारसांकडे आला.

खाडी एकच, काठ जवळजवळचे. पण एका मालकाने जमीन विकली, दुसऱ्याने भाड्याने दिली आणि तिसऱ्याला ती आधी परत मिळवावी लागली. बाजारपेठेचे भवितव्य दुकानाच्या सजावटीपेक्षा या निर्णयांवर अधिक ठरते. आपल्या गावातील जुन्या पेठेत ज्यांचे गाळे आहेत आणि ज्यांच्याकडे आज ना उद्या पुनर्विकासाचा प्रस्ताव येणार आहे, अशा कुटुंबांनी ग्रॅनव्हिल आयलंडच्या धक्क्यावर तासभर अवश्य बसावे. नवी इमारत किती मजली होणार, हा प्रश्न सर्वच विचारतात. तीत उद्या कोणते दुकानदार असतील, त्यांची निवड कोण करील आणि रोजचा शेजारी तेथे भाजी घ्यायला येईल काय, हे प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारलेले बरे.