तारपेवाला श्वास घेतो तरी कधी?

आमच्या बोईसरच्या इमारतीत एका मजल्यावर घरं चार आणि भाषा पाच! (एका घरात आई मल्याळी, बाबा ओडिया. आणि मुलगा शाळेत पहिला येतो तो मराठीत.) शेजारी तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसीचे कारखाने आले आणि त्यांच्यामागून देशभरातली माणसं आली. त्यामुळे मे महिन्यात गच्चीवर नाचाचा वर्ग काढायचं ठरलं, तेव्हा पहिल्याच दिवशी भांडण जुंपलं. नाच कुणाचा? गरबा म्हटलं की भांगडावाले रुसणार, भांगडा म्हटलं की लेझीमवाले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची ताई म्हणाली, "आपल्यापैकी कुणाचाच नको. लांबलांबच्या देशांतले नाच शिकू. म्हणजे सगळेच सारखे ढ!"

ताईला माहीत नव्हतं, पण असे वर्ग जगात फार पूर्वीपासून भरतात. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात सॉंग चॅंग नावाच्या चिनी गृहस्थांनी १९३८ साली असाच एक गट जमवला होता. आठवड्यातून एकदा यायचं आणि कुठल्या कुठल्या देशांचे लोकनाच शिकायचे, बस्स.

आम्ही सुरुवात केली बल्गेरियापासून. तिथे हातात हात धरून लांब साखळी करतात आणि गोल गोल जातात. नाचाचं नाव रचेनित्सा. ताल सात मात्रांचा: दोन, दोन, तीन. टाळ्या वाजवून बघा. एक-दो, एक-दो, एक-दो-तीन. आमच्यातला एक जण तबला शिकतो. तो ओरडला, "अरे, हा तर आमचा रूपक! उलटा घातलाय फक्त." खरंच की. रूपकही सात मात्रांचा, पण त्याची वाटणी तीन-दोन-दोन. आपल्या पायांना मात्र हे कळायला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी जमलं. बावीस जणांची साखळी झकास फिरायला लागली. आणि ऐन रंगात गाणं बंद! ताईच्या मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला होता. साखळीचं डोकं थांबलं, पण शेपटाला ते कळलंच नाही. मागचे पुढच्यांवर आदळले, पुढचे पाण्याच्या टाकीवर. दोन गुडघे फुटले. एक चप्पल खाली गेली ती गेलीच.

कठड्यावर बसून हे सगळं बघणारा एक दादा खो खो हसत होता. तो विक्रमगडकडचा, वारली. इथे कॉलेजसाठी राहतो. म्हणाला, "म्हणून आम्ही मोबाइलवर नाचत नाही. आमचा तारपा असा मध्येच बंद पडत नाही. रात्रभर चालतो."

"रात्रभर? मग वाजवणारा श्वास कधी घेतो?" माझ्या भाचीने विचारलं.

दादा म्हणाला, "ये बघायला. तुझं तूच शोध."

भातकापणी झाल्यावर आम्ही गेलो. पाड्यावर अंधार पडला होता. झोडणी झालेल्या भाताचा वास होता. नवं धान्य घरात आलं की कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, आठवण काढायची आणि नाचायचं, हे दिवस त्याचेच. मधोमध तारपेवाले आजोबा उभे. तारपा तुम्ही वारली चित्रात नक्की पाहिला असेल: गोल गोल वळत गेलेली माणसांची रांग आणि मधे कुणीतरी भलंमोठं काहीतरी फुंकतंय, तेच ते. पण चित्रात तो काडीएवढा दिसतो. प्रत्यक्षात माझ्या भाचीपेक्षा उंच होता!

आजोबांनी तो आम्हाला हात लावून बघू दिला. वर वाळवलेला दुधी भोपळा, आतून पोकळ केलेला. त्याच्यात खालून बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांना बोटांसाठी भोकं. आणि खाली ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांबलचक भोंगा. सगळे सांधे मेणाने बुजवलेले. मेणावर अंगठ्याचे ठसे उमटले होते. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही. विकत आणलेलं काही नाहीच म्हणा ना.

खरी जादू भोपळ्याच्या पोटात आहे. नळ्यांच्या तोंडाशी बांबूच्याच बारीक जिभल्या असतात. फुंकर आली की ती जिभलीला ओढून फट बंद करते, जिभली ताठ असल्यामुळे परत उघडते, परत बंद होते. एका सेकंदात हे शेकडो वेळा. हवा सलग न जाता तुकड्या-तुकड्यांनी जाते आणि ते तुकडे आपल्या कानाला सूर म्हणून ऐकू येतात. बोटांनी भोकं उघडली-झाकली की नळीतल्या हवेची लांबी बदलते आणि सूर चढतो-उतरतो.

आता नाच. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून रांग करतात. पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी. ती जमिनीवर आपटत तो रांगेला नेतो. तारपेवाला वळेल तशी रांग वळते, पण तारपाला पाठ कुणी दाखवायची नाही. सूर बदलला की रांगेची दिशाही बदलते. म्हणजे बघा, इथे 'डावीकडे वळा' असं कुणी ओरडतच नाही. गारुड्याच्या पुंगीपुढे साप डुलावा, तशी ती माणसांची रांग.

आम्हालाही घेतलं रांगेत. मी बाहेरच्या वेढ्यात, भाची आतल्या. आम्ही सगळे सारख्याच पावलांनी चाललो होतो, कुणीही घाई करत नव्हतं, तरी भाची सारखी माझ्या समोरून जात होती! घरी येऊन कागदावर मांडलं. समजा ती मधापासून दोन मीटरवर आहे आणि मी चार मीटरवर. तिचा फेरा साधारण साडेबारा मीटरचा, माझा पंचवीसचा. पावलं सारखी, तर माझा एक फेरा होईतो तिचे दोन. तिने मला ओलांडलं असं तिला वाटलं. मी तिचं मन मोडलं नाही.

पण तिचं लक्ष फेऱ्यांकडे नव्हतंच. ती आजोबांच्या गालांकडे टक लावून होती. आणि तिला सापडलं! आजोबांचे गाल बेडकासारखे फुगायचे, मग हळूच आत जायचे. नेमकं त्याच वेळी नाकपुड्या हलायच्या. सूर तुटायचा नाही.

म्हणजे होतं काय? छातीतली हवा संपत आली की वाजवणारा थोडी हवा गालांत साठवतो. मग घसा मागून बंद करून गाल दाबतो. ती हवा तारपात जाते आणि तेवढ्या क्षणात तो नाकाने नवा श्वास भरून घेतो. सनईवादक आणि गारुडीही हेच करतात. वाचायला सोपं आहे. करून बघा! पेलाभर पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ बुडवा आणि हळू बुडबुडे काढा. आता बुडबुडे न थांबवता नाकाने श्वास घ्या. नव्वद टक्के मुलांच्या नाकात पाणी जाईल. (हा आकडा माझ्या घरचा. आम्ही दहा जणांनी करून पाहिलं.)

गोल नाचणारे लोक जगभर आहेत, आणि न थांबणारं वाद्य सगळ्यांनाच हवं असतं. प्रत्येकाने हे कोडं आपापल्या डोक्याने सोडवलंय. आमच्या रचेनित्सावाल्या बल्गेरियात गाइदा नावाचं वाद्य असतं. तिथे हवा गालांत नाही, बगलेतल्या बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत भरून ठेवतात. वाजवणारा श्वास घेईतो कोपराने पिशवी दाबायची. इटलीच्या सार्डिनिया बेटावर लाउनेद्दास असतं, तीन नळ्यांचं. त्याचा वादक नाचणाऱ्यांच्या मधोमध उभा राहतो आणि गालांतच हवा साठवतो. आपल्या आजोबांचा तो लांबचा भाऊच! आणि चीनमधल्या म्याव लोकांनी तर कमाल केली. त्यांच्या लुशेंगमधल्या जिभल्या फुंकलं तरी वाजतात आणि ओढलं तरी वाजतात. मग श्वास लपवायची भानगडच नाही. मला विचाराल तर हुशारीत म्याव पहिले, पण कष्टाचे गुण आजोबांना.

परतताना ट्रेनमध्ये भाचीचा पुढचा प्रश्न: "मी एवढी नाचले, तर पाय आत्ता का दुखायला लागले? तेव्हा का नाही?"

याचा शोध खरोखर कुणीतरी घेतलाय. ब्राझीलमधल्या माराझो बेटावर ब्रॉनविन टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६४ विद्यार्थ्यांना नाचायला लावलं. कुणी सगळे एका तालात, कुणी प्रत्येक जण वेगळं. कुणी अंग मोडून, कुणी बसल्या बसल्या नुसते हात हलवून. नाचाच्या आधी आणि नंतर दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो आवळत न्यायचा, आणि नको झालं की 'थांबा' म्हणायचं. जे एका तालात नाचले, त्यांनी नंतर जास्त आवळलेला पट्टा सोसला. शिवाय बरोबर नाचलेली मुलं त्यांना जास्त जवळची वाटू लागली. शरीर स्वतःच वेदना कमी करणारी रसायनं सोडतं, त्यांचा हा प्रताप असावा, असं या मंडळींचं म्हणणं. २०१५ साली त्यांनी ते छापलं.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रातली ती तारप्याभोवतीची गोल रांग तांदळाच्या पिठाच्या रंगाने काढून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रात एवढी सगळी माणसं, पण एकाचाही हात सुटलेला नाही. आता चित्र पाहिलं की मी आधी तारपेवाल्याचे गाल शोधते. ते काढलेले नसतात. बहुतेक काड्या-त्रिकोणांत गाल मावत नसावेत.

आमच्या गच्चीवरचा वर्ग चालू आहे. मोबाइल आता खाली ठेवून येतो. गेल्या रविवारी भाचीने स्ट्रॉ आणि पेला आणला आणि म्हणाली, "तुम्ही नाचा, मी वाजवते." बुडबुड-बुडबुड. दोन, दोन, तीन. आम्ही साखळी धरली. पहिला फेरा झाला, दुसरा झाला, बुडबुडे थांबलेच नाहीत! तिसऱ्याला तिला हसू आलं. पेला उलटला, आणि खालच्या मजल्यावरून काकूंची हाक आली: "अगं, पापड वाळत घातलेत ना मी!"