ऑरोविल: उजाड पठारावर माती परत आणणारी वसाहत

पुदुच्चेरीच्या उत्तरेस सुमारे १० किलोमीटर अंतरावर, बंगालच्या उपसागराकडे हळूहळू उतरत जाणारे एक बुटके लाल पठार आहे. त्याचा बहुतांश भाग तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात येतो. या पठारावर २८ फेब्रुवारी १९६८ रोजी ऑरोविलची स्थापना झाली. त्या समारंभात १२४ देशांची आणि भारतातील राज्यांची मूठमूठ माती संगमरवरी कुंभात एकत्र करण्यात आली. जगभरची माती ज्या जागी आणली गेली, त्या जागेची स्वतःची माती मात्र त्या वेळी दर पावसाळ्यात समुद्राला मिळत होती. श्रीअरविंदांच्या विचारांवर श्रीमाताजींनी उभारलेल्या या वसाहतीकडे बहुतेक पर्यटक सुवर्णगोलाकार मातृमंदिरासाठी वळतात. मृद्संधारण आणि पाणलोट विकास या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी तेथे एक दिवस द्यावा, तो मात्र या मातीसाठी.

येथे पूर्वी पूर्व किनाऱ्यावरील शुष्क सदाहरित वन होते. कमी उंचीची, चिवट पानांची, वर्षभर हिरवी राहणारी ही वनस्पतीसृष्टी कोरोमंडल किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यातच आढळते. तोड, चराई आणि उघडी पडलेली शेती यांमुळे ती नाहीशी झाली. जे तुकडे उरले ते प्रामुख्याने ग्रामदेवतांच्या राखीव वनांत उरले. तमिळमध्ये त्यांना ‘कोविल काडू’ म्हणतात. सह्याद्रीतील देवराईचीच ही भावंडे. वृक्षांचे छत्र गेल्यानंतर पावसाचे थेंब थेट उघड्या जमिनीवर आदळू लागले. थेंबांच्या माऱ्याने ढेकळे फुटतात, बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात आणि पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतो. मग पाणी जिरण्याऐवजी वाहू लागते, आणि वाहताना घळी कोरते. या पठारावर अनेक मीटर खोल घळी अशाच तयार झाल्या.

पाऊस मात्र कमी नव्हता. वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे पडतो. पण त्याचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी वाऱ्यांकडून येतो आणि तोही अनेकदा चक्रीवादळांबरोबर मोजक्या दिवसांत कोसळतो. म्हणजे प्रश्न अपुऱ्या पावसाचा नसून न थांबणाऱ्या पाण्याचा होता. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना पुढील कामाचा क्रम ओळखीचाच वाटेल.

पहिल्या रहिवाशांनी प्रथम मातीचे बांध घातले. प्रत्येक तुकड्याभोवती बांध असावा आणि त्या तुकड्यावर पडलेले पाणी त्यातच मुरावे, हे सूत्र होते. घळींमध्ये माथ्यापासून पायथ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने मातीचे व दगडांचे आडबांध आले. जेथे अपधाव एकत्र येई तेथे तळी खोदली गेली. हे काम माथ्यापासून सुरू झाले ही बाब महत्त्वाची. पायथ्याशी मोठा बंधारा बांधून वरचे क्षेत्र मोकळे सोडले, तर बंधारा काही हंगामांतच गाळाने भरतो, हा अनुभव महाराष्ट्रातील अनेक पाणलोटांतही आलेला आहे.

वृक्षलागवडीचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि अभ्यासकाने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. सुरुवातीला देशी रोपे टिकत नव्हती. तापलेली जमीन, कोरडे वारे, शेळ्या आणि वाळवी यांपुढे ती हरत. म्हणून आकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, म्हणजे कोकणात सामाजिक वनीकरणातून ओळखीची झालेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती हवेतील नत्र स्थिर करते, निकृष्ट जमिनीत झपाट्याने वाढते आणि भरपूर पानगळ देते. काही वर्षांत सावली झाली, पालापाचोळ्याचे आच्छादन साचले, पक्षी आले आणि त्यांच्या विष्ठेतून देशी वृक्षांची बीजे आली. त्यानंतर रांजण, अंजनी, आबनूस, जांभूळ अशा मूळ वनातील जाती तिच्या छायेत लावता आल्या. आजवर या पठारावर वीस लाखांहून अधिक झाडे लावली गेल्याचे सांगितले जाते.

या पद्धतीची परीक्षा ३० डिसेंबर २०११ रोजी झाली. ‘ठाणे’ नावाचे चक्रीवादळ पुदुच्चेरी आणि कडलूर यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि ऑरोविलमध्ये असंख्य वृक्ष कोसळले. ठिसूळ लाकडाची, उथळ मुळांची ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या संख्येने पडली. हळू वाढलेले देशी वृक्ष तुलनेने टिकले. जेथे बाभळीखाली देशी रोपांची पिढी आधीच तयार होती, तेथे पडझडीने उलट तिला प्रकाश मिळाला. जेथे केवळ बाभूळच होती, तेथे पुन्हा उघडी जमीन उरली. परदेशी शीघ्रवर्धी जातींविषयीचा वाद आपल्याकडे बहुधा ‘लावावी की लावू नये’ एवढ्यावरच अडतो. ती किती वर्षांनी विरळ करायची आणि तिच्याखाली काय वाढवायचे, हे लावतानाच ठरवले जाते का, हा प्रश्न त्याहून उपयोगी आहे.

दुपारी सौर स्वयंपाकगृहाची गच्ची पाहण्यासारखी आहे. तेथील १५ मीटर व्यासाचा अंतर्वक्र आरसा स्थिर राहतो; सूर्याबरोबर फिरतो तो उष्णता ग्रहण करणारा भाग. त्यातून मिळणाऱ्या वाफेवर, ढगाळ दिवशी डिझेलवरील बाष्पकाची जोड देऊन, सुमारे हजार जणांचे अन्न शिजवता येते. अभ्यागत केंद्राच्या इमारती अल्प सिमेंट मिसळून दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटांच्या आहेत. गोदाम किंवा अवजारघर बांधू इच्छिणाऱ्यांनी त्या निरखाव्यात.

शेतीची बाजू वनीकरणाइतकी यशस्वी नाही, आणि हे तेथील लोकही मान्य करतात. डझनाहून अधिक सेंद्रिय शेते असूनही वसाहतीला लागणाऱ्या अन्नाचा थोडाच भाग त्यांतून मिळतो. उरलेले बाहेरून विकत आणले जाते. सुमारे १३५ एकरांचे अन्नपूर्णा शेत त्यांत सर्वांत मोठे. तेथे भात आणि दुग्धव्यवसाय आहे, आणि जमीन भारी असल्याने पावसाचे पाणी तळ्यांत साठवून वापरले जाते. याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे ‘पेबल गार्डन’ हे छोटे शेत. जवळजवळ माती नसलेल्या खडकाळ जमिनीवर, बाहेरून खत न आणता, बाभळीचा पाला आणि कोळसा यांपासून वाफे तयार करून तेथे भाज्यांच्या पारंपरिक वाणांचे बियाणे राखले जाते. उत्पादनाच्या दृष्टीने हे क्षेत्र लहान आहे. परंतु शून्यातून सुपीकता कशी घडते, याचा असा धडा क्वचितच पाहायला मिळतो.

येथील खर्चाचा हिशेब सामान्य शेतकऱ्याला लागू करताना सावध राहावे लागते. देणग्या, स्वयंसेवकांचे श्रम आणि जमिनीतून लगेच उत्पन्न काढण्याचे बंधन नसणे, या तीन गोष्टी वसाहतीला लाभल्या. आसपासच्या गावांतील मजुरांचा घाम या वनात मोठ्या प्रमाणावर जिरला आहे, हेही विसरता येणार नाही. अध्यात्माचा वाटा शोधायचाच झाल्यास तो सातत्यात सापडतो. येथे विशिष्ट धर्म वा कर्मकांड नाही. काम हीच साधना मानली जाते, आणि म्हणून तीन वर्षांच्या प्रकल्पात न बसणारी कामे पन्नास वर्षे चालू राहिली. तरीही वसाहत एकमताची नाही. नियोजित नगराच्या वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडे तोडण्यावरून डिसेंबर २०२१ मध्ये उद्भवलेला तंटा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ आराखडा ५०,००० लोकवस्तीच्या नगराचा आहे. आज राहतात सुमारे ३,३००.

खरा टांगता प्रश्न भूजलाचा आहे. समुद्र जवळ असल्याने भूगर्भात गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगते. थर मोकळा आणि एकसंध असेल, तर गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असताना तिच्याखाली साधारण ४० मीटर गोडे पाणी असते, असा भूजलशास्त्रातील आडाखा आहे. त्याचाच उलट अर्थ असा की पातळी १ मीटरने खाली गेली, तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने ४० मीटरपर्यंत वर सरकू शकते. भोवतालच्या गावांत भात, ऊस यांसारख्या पिकांसाठी खोल कूपनलिका आहेत आणि तमिळनाडूत कृषिपंपांना वीज मोफत आहे. पठारावरील बांध जे पाणी जिरवतात, तेच खालचे पंप उपसतात. ‘एरी’ या पारंपरिक गावतळ्यांतील गाळ काढणे आणि त्यांचे सांडवे दुरुस्त करणे, हे काम म्हणूनच वसाहतीच्या सीमेबाहेर, गावांना सोबत घेऊन करावे लागते.

अभ्यासगटाने भेटीसाठी नोव्हेंबर निवडल्यास बांध भरलेले आणि घळींतील आडबांध काम करताना दिसतात. मातृमंदिराचे बाहेरून दर्शन अभ्यागत केंद्रातून मिळणाऱ्या पासावर होते. आत जाण्यासाठी वेगळी पूर्वनोंदणी लागते. शेते आणि वने ही काम चालू असलेली ठिकाणे असल्याने तेथे आधी विचारून, लहान गटानेच जावे. विद्युतवाहकता मोजण्याचे छोटे यंत्र सोबत असल्यास परतताना किनाऱ्याकडील एखाद्या गावात, शेतकऱ्याच्या परवानगीने, कूपनलिकेचे पाणी तपासावे आणि पठारावरील पाण्याशी ताडून पाहावे.