दारातली कुऱ्हाड

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट या अमेरिकी संशोधन केंद्रातून फेब्रुवारीत शेवटचं विमान उडतं. पुढचे आठेक महिने तिथं कुणाचं येणं नाही की जाणं नाही. मागे राहिलेली माणसं मग एकत्र बसून जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' बघतात, अशी तिथली प्रथा आहे. बर्फात अडकलेले १२ पुरुष आणि त्यांच्यातल्या कुणाचंही हुबेहूब रूप घेणारा परग्रहावरचा जीव, अशी त्याची गोष्ट. शेजारचा माणूस माणूसच आहे ना, ही शंका घेऊन बघायला याहून योग्य जागा पृथ्वीवर नसेल.

विज्ञानपटांच्या चाहत्यांना रिमेक नकोच असतात, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. कारण चाहत्यांनी चार दशकं उराशी धरलेला हा चित्रपटच मुळात दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट आहे. जॉन कॅम्पबेलची 'हू गोज देअर?' ही दीर्घकथा १९३८ची. तिच्यावर १९५१ साली हॉवर्ड हॉक्सच्या निर्मितीत 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' निघाला. त्यात रूप बदलण्याची मूळ कल्पनाच गाळली होती. जेम्स आर्नेस हा उंचापुरा नट रंगभूषा करून वनस्पतिजन्य राक्षस झाला. कार्पेंटरने ती गाळलेली कल्पना परत आणली. म्हणजे रिमेकच मूळ कथेच्या जास्त जवळ गेला.

२५ जून १९८२ रोजी तो लागला तेव्हा मात्र त्याचं कौतुक झालं नाही. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा गोड परग्रहवासी 'ई.टी.' आला होता आणि लोक त्याच्या प्रेमात होते. समीक्षकांनी 'द थिंग'ला किळसवाणा ठरवलं. जुन्या चित्रपटाचे चाहतेही दुखावले. त्यातली माणसं थट्टामस्करी करत, एकजुटीने लढत. इथं कुणाचा कुणावर विश्वास नाही. चित्रपट तरला तो पुढे व्हिडिओ कॅसेटींवर आणि टीव्हीवर. घरी बसून, मागे-पुढे करत, पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांनी त्याला वर काढलं.

पुन्हा बघावं असं त्यात काय होतं? हातांचं काम. रॉब बॉटिन तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. फोम रबर, जेली, वितळवलेलं बबलगम, मेयोनीज अशा वस्तूंतून त्याने ते जीव घडवले. वर्षभर सुट्टी न घेता राबला आणि शेवटी थकव्याने रुग्णालयात गेला. डॉक्टर रुग्णाच्या छातीवर विजेचा झटका द्यायला वाकतो, छातीच जबड्यासारखी उघडते आणि त्याचे दोन्ही हात तोडते. या क्षणासाठी दोन्ही हात नसलेल्या माणसाला खोटे हात लावले होते. तिथं कॅमेऱ्यासमोर खरोखर काहीतरी तुटतं, आणि डोळ्यांना ते कळतं.

२०११ साली याच नावाने पूर्वकथा आली. कार्पेंटरच्या चित्रपटात दिसणाऱ्या उद्ध्वस्त नॉर्वेजियन तळावर आधी काय घडलं, ते तिने सांगितलं. ॲलेक गिलिस आणि टॉम वुडरफ यांच्या चमूने तिच्यासाठीही खरे, हलते जीव बनवले होते. नंतर बहुतेकांवर संगणकाची चित्रं चढवली गेली. त्या झाकलेल्या कामाची चित्रफीत कारागिरांनी पुढे यूट्यूबवर टाकली तेव्हा चाहते हळहळले. नुसते हळहळून थांबले नाहीत. गिलिसने फक्त हातांनी घडवलेल्या जिवांचा स्वतंत्र चित्रपट करायचा ठरवला, तेव्हा लोकवर्गणीतून साडेतीन लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. २०१५चा 'हार्बिंजर डाऊन' तो हाच. तो मात्र फसला. जीव खरे होते, पण त्यांच्याभोवतीची माणसं उभी राहिली नाहीत.

पूर्वकथेबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. १९८२च्या चित्रपटात नायक मॅकरेडी आणि डॉक्टर त्या जळक्या तळावर जातात, तेव्हा दारात रुतलेली रक्ताळलेली कुऱ्हाड दिसते. ती कुणी मारली, कुणावर, काहीच कळत नाही. कॅमेरा पुढे सरकतो, ती मनात राहते. पूर्वकथा करणाऱ्यांनी जुना चित्रपट बारकाईने अभ्यासला आणि ती कुऱ्हाड तिथं कशी आली ते निष्ठेने दाखवलं. निष्ठा खरीच होती, पण तीस वर्षं प्रत्येकाने आपापल्या परीने कल्पिलेली ती रात्र तिने एका उत्तरात मिटवून टाकली.

सुदैवाने शेवट तरी अजून चाहत्यांच्याच हातात आहे. जळत्या केंद्रासमोर मॅकरेडी आणि त्याचा सहकारी चाइल्ड्स बसलेत, मधे दारूची बाटली. मॅकरेडीच्या तोंडातून वाफ ठळक निघते, चाइल्ड्सच्या फारशी दिसत नाही. तो माणूस उरलाय का? की उजेडच तसा पडलाय? चित्र थांबवून, पडद्याला नाक लावून लोक आजही ती वाफ शोधतात. मीही शोधली आहे. एकदा दिसली, एकदा नाही.