रंगाची गोळी, पण डोळे सांभाळा!

बंगळूरच्या वेशीवरील मैदानांत सुटीला हौशी मंडळी पेंटबॉल खेळतात. १९८१ साली अमेरिकेत, झाडांवर व गुरांवर खुणा करण्याच्या बंदुकीतून जन्मलेला हा खेळ! जिलेटिनच्या आवरणातली रंगाची गोळी सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास वेगाने सुटते. अंगावर बसली तर वळ उठतो. डोळ्यावर बसली तर दृष्टीच जाऊ शकते.

दमट हवेत गोळ्या फुगतात, नळीतच फुटतात. बंदूक अडली, की मुखवटा वर करून नळीत डोकावण्याचा मोह होतो. नेमके तेच करू नये! नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, खटका ‘सेफ’वर, नळीला बूच, मग बंदूक मैदानावरच्या जाणकाराकडे द्यावी. तोही आधी गॅसची बाटली काढतो, आत उरलेला दाब सोडतो, मगच ती उघडतो. काचेवर वाफ धरली तरी मुखवटा काढायचा तो मैदानाबाहेर येऊनच.