कृपा आधी की सत्कर्म आधी?

मिरजेचं मिशन हॉस्पिटल आपल्याकडं बहुतेकींना ठाऊक आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी ते १८९४ साली सुरू केलं. गटांच्या बैठकांत आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ख्रिस्ती लोक अशी सेवा करतात, ती पुण्य साठवायला का?

त्यांची श्रद्धा वेगळं सांगते. तारण ही देवाची देणगी आहे, ती कमावता येत नाही. गटाचं कर्ज आपण हप्त्यानं फेडतो, पासबुकात नोंद होते. आईनं दिलेल्या साडीला हप्ता नसतो. कृपा तशी असते. बायबलमध्ये पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात हेच आहे.

मग चांगलं वागायचं कशाला? बायबलमध्येच याकोबाचं पत्र आहे. कृतीवाचून विश्वास मेलेला, असं ते बजावतं. वाळल्या झाडाला फळं बांधली म्हणून ते जगत नाही. जित्या झाडाला मात्र फळ येतंच. यावरून सोळाव्या शतकात युरोपात चर्च दुभंगलं. १९९९ साली लूथरन आणि कॅथलिक चर्चनी एकत्र जाहीर केलं : तारण कृपेनं, आणि सत्कर्म हे तिचं फळ.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढलं. काम चांगलं चाललं होतं, तरी मनाला शांती नव्हती. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त नाही. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. स्वतःच्या प्रयत्नांवरची भिस्त त्यांनी सोडली. काम मात्र वाढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली-बायका आणल्या, आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं.

आपला धर्म कोणताही असो, यात आपल्यासाठी काही आहे. मूल झालं नाही, नवरा गेला, की बाई म्हणते, “माझंच पुण्य कमी पडलं.” कृपेचा विचार तिला सांगतो, बाई, तुझी किंमत असल्या हिशोबावर ठरत नाही. पण कृपा आहे म्हणून शेजारच्या उपाशी पोराकडं पाठ फिरवली, तर याकोब त्याला विश्वास म्हणत नाही.

पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.